किंगपिन काढताना

जुन्या फियाटचं स्टिअरिंग थरथरायला लागलं, खड्ड्यातून जाताना पुढून ‘टक्’ असा आवाज यायला लागला, की गॅरेजमध्ये मालकाला ठरलेलं उत्तर मिळतं : पुढचं काम काढावं लागेल, किंगपिनचं किट टाकू, सायलेंट ब्लॉक टाकू, अलाइनमेंट करून घ्या. उत्तर तसं खोटं नाही. झिजलेले भाग बदलावेच लागतात. पण या सगळ्या कामात जुने भाग काढण्याला हमालीपलीकडे किंमत दिली जात नाही. नवा भाग बसवायला मुख्य मिस्त्री येतो, जुना काढायला पोऱ्या पाठवतात आणि त्याच्या हातात हातोडा नाहीतर गॅस कटर देतात. निघालेले तुकडे संध्याकाळी भंगाराच्या डब्यात जातात. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. जुन्या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनमध्ये कौशल्य लागतं ते काढताना, आणि गाडीचं खरं दुखणं कळतं तेही काढतानाच. भाग कुठे अडला, कोणत्या बाजूने झिजला, त्याच्यावर ग्रीस होतं की गंज, हे न पाहता नवा भाग बसवला तर तो अंदाजाने बसवलेला असतो, आणि अंदाज चुकल्याचं सहा महिन्यांनी त्याच ‘टक्’ आवाजाने कळतं.

काढण्याला इतकं महत्त्व का, हे समजून घ्यायला रांजणगावच्या एमआयडीसीकडे पाहावं. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून साधारण ५० किलोमीटरवर असलेल्या या महागणपतीच्या गावात फियाट आणि टाटा मोटर्सच्या भागीदारीतला कारखाना आहे. २००९ मध्ये इथून लिनिया आणि ग्रँडे पुंटो बाहेर पडल्या, २०१७ पासून इथे जीप कंपास बनते. त्याआधी फियाटचा महाराष्ट्रातला पत्ता होता कुर्ला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने तिथे पन्नासच्या दशकात फियाट ११०० बनवायला घेतली. तीच गाडी पुढे डिलाइट झाली, प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने घरोघरी पोचली. आता लिनियाच्या पुढच्या चाकामागे डोकावलं तर मॅकफर्सन स्ट्रट दिसतो, खाली एक आर्म, आणि त्याच्या टोकाला रबरी टोपीत कायमचा बंद केलेला बॉल जॉइंट. ग्रीस भरायला निपल नाही. जॉइंट गेला की बहुतेक वेळा अख्खा आर्म बदलतात. पद्मिनीत मात्र वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, कॉइल स्प्रिंग, टेलिस्कोपिक शॉक ॲब्सॉर्बर, अँटी-रोल बार आणि चाक ज्याच्याभोवती वळतं ती किंगपिन. जागोजागी ग्रीसचे निपल, जागोजागी बुश. बनवणाऱ्यांनी धरूनच ठेवलं होतं की हे भाग झिजणार आणि कोणीतरी ते उघडून परत बसवणार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी ही अपेक्षा पुरेपूर वसूल केली. या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ संपता संपता पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तोवर तिच्या पुढच्या टोकाची उघडझाप गल्लीगल्लीत होत होती आणि ते काम डोळे मिटून करणारे हातही होते. आता गाड्या थोड्या उरल्या, हात त्याहून थोडे. रांजणगावच्या कारखान्यात काम शिकलेला तरुण नवा आर्म ठरल्या टॉर्कने नेमका आवळेल; पन्नास वर्षं एकमेकांत रुतून बसलेले दोन भाग न मोडता वेगळे कसे करायचे, हे मात्र जोडणीच्या लाइनवर शिकवत नाहीत. तिथे जुनं काही येतच नाही.

काढण्याची सुरुवात पाना लावण्याआधीच होते. गाडीचं पुढचं चाक जॅकवर उचलून खाली भक्कम स्टँड लावायचा; नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. मग चाक वरून आणि खालून, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवायचं. चाक लडबडलं तर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे हे कळलं, पण कुठे? इथे दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगतात. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि त्यामागची प्लेट एकमेकांना घट्ट धरतात, त्यामुळे चाकाच्या बेअरिंगमधला प्ले नाहीसा होतो. तरीही चाक हललं तर दोष किंगपिनकडे किंवा आर्मच्या टोकांकडे आहे. चाक ३ आणि ९ च्या जागी धरून हलवलं की टायरॉड एंड आणि स्टिअरिंगच्या सांध्यांची खबर मिळते. एवढी दोन मिनिटांची तपासणी न करता किट मागवणारी गॅरेजं कमी नाहीत. किंगपिनच्या नावाने बिल झालं आणि दोष बेअरिंगच्या ढिल्या नटात होता, असं मग होतं. टायरही बोलतो. एकाच कडेने झिजला असेल तर चाकाचा उभा कल बिघडलाय. रबराला करवतीसारखी धार आली असेल तर टो-इन, म्हणजे चाकांचा आतल्या बाजूचा रोख, चुकलंय. टायरवर थोड्या थोड्या अंतराने खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर दमलाय किंवा कुठेतरी प्ले आहे. हे सगळं भाग सुटण्याआधी लिहून ठेवायला हवं. गाडी एकदा उघडली की हा पुरावा परत मिळत नाही.

उघडताना सर्वांत जास्त धाक हवा तो स्प्रिंगचा. पद्मिनीचं वजन ९०० किलोच्या आसपास. पुढच्या एकेका चाकावर त्यातले दोनशेहून थोडे जास्त किलो येतात. पण स्प्रिंग चाकाच्या जागी नसते, ती आर्मवर आतल्या बाजूला असते. तरफेच्या नियमाने तिच्यावर येणारा जोर चाकावरच्या भारापेक्षा बराच जास्त असतो. चाक अधांतरी लोंबत असतानाही ती पूर्ण मोकळी झालेली नसते. अशा वेळी आर्मचा बोल्ट काढून स्प्रिंग ‘उडवून’ काढणारे लोक आहेत, आणि त्यांच्या बोटांना किंवा दातांना काय झालं हे ऐकायला फार लांब जावं लागत नाही. स्प्रिंग कॉम्प्रेसर लावून तिचे वेढे धरायचे, आर्मखाली जॅक ठेवायचा आणि तो हळूहळू उतरवायचा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. अँबॅसडरची गोष्ट आणखी वेगळी. तिला पुढे कॉइल स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे : पिळून ताण धरणारा पोलादी दांडा. तो बाहेरून निरुपद्रवी दिसतो आणि म्हणूनच जास्त धोक्याचा. मोकळा करण्याआधी त्याच्यावर आणि त्याच्या खोबणीवर खूण केली नाही, तर परत बसवताना गाडी एका बाजूने वर राहते. जुन्या जीपला समोर कमानपट्टे आणि सरळ ॲक्सल, त्यामुळे तिथली जोखीम कमी, पण किंगपिनखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, मोजून ठेवण्याचं काम तिथेही चुकत नाही. स्प्रिंगच्या आधी ड्रम उतरवावा लागतो, आणि तेव्हा दोन गोष्टी पाळाव्यात. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून आतली धूळ हवेने फुंकायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. आणि ब्रेकची प्लेट रबरी होजवर लोंबती ठेवायची नाही, तारेने वर बांधायची.

आता हातोड्याकडे येऊ, कारण हातोडा वाईट नसतो, कुठे मारायचा हे ठाऊक नसणं वाईट. टायरॉड एंडची दांडी निमुळती असते आणि स्टिअरिंग आर्मच्या निमुळत्या भोकात ती घट्ट रुतलेली असते. नट काढून दांडीच्या टोकावर ठोके घातले की टोक फुलतं, आटे मरतात, आणि दांडी होती तिथेच राहते. जाणता मिस्त्री नट पूर्ण काढत नाही, दोन-चार आट्यांवर ठेवतो. मग आर्मच्या त्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून धरतो आणि समोरच्या बाजूने दुसऱ्या हातोड्याचा एक नेमका फटका देतो. डोळा क्षणभर किंचित दबतो, निमुळती पकड सुटते, आणि टायरॉड खाली येऊन नटावर अडकतो. पुलर असेल तर आणखी चांगलं. दोन्ही पद्धतींत आर्मला काही होत नाही, आणि जुना टायरॉड एंड शाबूत असेल तर तोही वाचतो. दुचाटा घालून फोडून काढला तर रबर फाटतं आणि शाबूत भागही भंगारात जातो.

किंगपिनवर तर सगळा लेखच बेतलेला आहे. बहुतेक रचनांमध्ये ती एका आडव्या कॉटर पिनने जागेवर धरलेली असते. कॉटरलाही एका बाजूला निमुळतेपणा असतो, म्हणजे ती एकाच दिशेने निघते. उलट्या दिशेने ठोकली तर आणखी घट्ट होते. गंजलेल्या सांध्यावर आदल्या संध्याकाळी पातळ, झिरपणारं तेल टाकून ठेवलं, सकाळी पितळी दांडा मध्ये धरून ठोकलं, तर पिन निघते. न निघाल्यास हायड्रॉलिक प्रेसवर न्यायची. निघालेली पिन रॉकेलने धुऊन उजेडात धरायची. पिन आणि बुश सगळीकडून सारखे झिजलेले असतील तर ते वयाचं झिजणं. नवा जोड बसवून काम संपेल. पिन फक्त खालच्या बुशमध्ये आणि एकाच अंगाने झिजली असेल तर ग्रीस खालपर्यंत पोचत नव्हतं. निपल बुजलेला असेल, मागच्या वेळी कोणीतरी बुश बसवताना त्याचं भोक ग्रीसच्या भोकासमोर आणलं नसेल, किंवा चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच ग्रीसगन लावली असेल, त्यामुळे भार पेलणाऱ्या बाजूला ग्रीस शिरलंच नसेल. लालसर भुकटी दिसली तर आत पाणी गेलं, सील कामातून गेलं. उभ्या ओरखड्यांचा अर्थ धूळ आणि कच गेली. शिरूर-दौंडच्या काळ्या मातीच्या, उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर हे नवल नाही. आणि एकाच बाजूची पिन दुसरीपेक्षा खूप जास्त झिजली असेल तर त्या बाजूचा आर्म वाकलेला आहे का, हे सपाट फरशीवर दोन्ही आर्म शेजारी ठेवून पाहायला हवं. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, डांबराच्या तुटक्या कडेवर डावं चाकच उतरतं आणि चढतं, तेव्हा डावी बाजू आधी संशयात घेणं रास्त. एका पिनमध्ये एवढं लिहिलेलं असतं. गॅसने कापून दोन तुकडे केलेल्या पिनमध्ये यातलं काही उरत नाही.

इतर भागांचंही तसंच. सायलेंट ब्लॉकचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातल्या रबरी बुशचं, रबर सगळीकडून वाळून तडकलेलं असेल तर वय. एकाच बाजूला दबून फाटलं असेल तर आर्म सरळ बसलेला नव्हता. बोल्टच्या गुळगुळीत अंगावर बोटाने चाचपल्यावर पायरी लागली, तर तो बोल्ट बरेच दिवस ढिला होता आणि ज्या भोकात तो होता ते भोकही आता गोल उरलेलं नसणार. तिथे नवा बोल्ट कितीही आवळला तरी चार महिन्यांत पुन्हा ढिला होतो. स्प्रिंगचा सर्वांत खालचा वेढा तुटलेला सापडतो, कारण तिच्या बैठकीत माती आणि पाणी साचतं.

यावर गॅरेजवाल्यांचे आक्षेप ठरलेले आहेत आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला वेळेचा. गंजलेला एक बोल्ट सोडवण्यात अर्धा दिवस गेला तर मजुरी कोण देणार? गॅसने पाच मिनिटांत सुटतो. यातलं अर्धं मला मान्य आहे. फेकायचाच असलेला बोल्ट आट्यांपाशी कापायला हरकत नाही. कधी कधी तेच शहाणपणाचं असतं. पण बोल्ट कापणं वेगळं आणि तो ज्यात बसतो त्या आर्मला किंवा बॉडीवरच्या बैठकीला लाल करणं वेगळं. पोलादाला कारखान्यात दिलेलं पाणी त्या ज्योतीने उतरतं, शेजारचं रबर जळतं, आणि दाबलेल्या स्प्रिंगजवळ आग नेणं तर निव्वळ वेडेपणा. आर्म बाजारात नवा मिळत नाही, बोल्ट मिळतो. वाचवलेल्या वेळेचा हिशोब करताना मुंबईच्या चोर बाजारात किंवा पुण्याच्या मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात आर्म शोधायला जाणारे बुधवार आणि रविवार त्यात धरायला हवेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळंच नवं टाकायचं तर जुन्याचं निरीक्षण कशाला? किट स्वस्त असतं, सगळं बदललं की प्रश्नच मिटला. मिटत नाही, कारण किटमध्ये पिन आणि बुश येतात, ते ज्यात बसतात ती घरं येत नाहीत. घराचं भोक लंबगोल झालं असेल तर नवा बुश त्यात दाबून बसवला तरी हलतो. शिवाय आज मिळणारी किटं सारख्या प्रतीची नसतात. काही पिना पुरेशा कडक केलेल्या नसतात, काहींचं माप किंचित कमी असतं. ते ओळखायचं तर जुनी पिन हवी. तिचा जो भाग बुशच्या बाहेर होता, जिथे झीज पोचलीच नाही, तिथे मायक्रोमीटर लावला की कारखान्याचं मूळ माप मिळतं. जुनी पिन फेकलेली असेल तर नव्या पिनेशी ताडून पाहायला हाताशी काहीच नसतं. रांजणगावच्या एमआयडीसीसारख्या वसाहतींच्या आसपास लेथची लहान वर्कशॉप असतात. नमुना आणि माप दिलं तर असा कारागीर गनमेटलचा बुश उत्तम कातून देतो. नमुना मात्र आपल्यालाच न्यावा लागतो.

तिसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा : हाताला कळतं, मोजायला कशाला हवं? प्ले आहे हे हाताला कळतं, यात वाद नाही. बुशमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याइतकी जागा झाली तर टायरच्या कडेला ती मिलिमीटरभर हालचाल होऊन पोचते, आणि सरावलेल्या हाताला तेवढी सहज जाणवते. पण हाताला ‘आहे’ कळतं, ‘का’ कळत नाही. वर सांगितलेल्या दोन पिना, एक वयाने झिजलेली आणि एक ग्रीसविना झिजलेली, जॅकवर हाताला अगदी सारख्या लागतात. दोन्हींचं काम मात्र वेगळं आहे.

राहिला चौथा आक्षेप : जुनं सगळं काढून टाका आणि नव्या गाडीचं सस्पेन्शन बसवा, स्ट्रटच टाका. गाडी आरामात चालेल, भागही मिळतील. रोज वापरायची गाडी असेल तर हा विचार करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण स्ट्रटला वरची बैठक बॉडीतच लागते, आणि तिथे कापाकापी व वेल्डिंग आलं. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी जी तरतूद झाली, ती इथे आडवी येते. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या, व्यावसायिक वापरात नसलेल्या गाडीला ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळू शकते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, नोंदणी १० वर्षांची. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. १९६४ ची डिलाइट तर या वयात केव्हाच बसली, आणि पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्यांचीही आता पन्नाशी उलटली आहे. किंगपिन, बुश, सायलेंट ब्लॉक बदलणं ही दुरुस्ती. बॉडी कापून स्ट्रटची बैठक करणं हा फेरबदल. पुढचं टोक मोडून काढणाऱ्या गॅरेजमध्ये मालक दुरुस्तीसाठी जातो आणि वाकवलेल्या, जाळलेल्या बैठकींमुळे फेरबदलापर्यंत येऊन पोचतो. ही शेवटची घसरण बऱ्याचदा काढण्याच्या पहिल्या दिवशीच सुरू झालेली असते.

नीट काढलेलं पुढचं टोक परत बसवणं त्यामानाने सरळ आहे. शिमच्या पातळ चकत्या ज्या बोल्टवर जितक्या होत्या तितक्याच, वेगवेगळ्या पुड्यांत नावं घालून ठेवलेल्या असतात. नवे बुश दाबून बसवले की ते किंचित आकसतात, म्हणून त्यांना रीमर लागतो, आणि तो लांब हवा : वरच्या बुशमधून आधार घेऊन खालचा कापणारा, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. एकेका बुशमध्ये आखूड रीमर वेगवेगळा फिरवला तर पिन आत जाते, पण अडकत फिरते आणि स्टिअरिंग जड होतं. असा लांब रीमर आता फार थोड्या वर्कशॉपमध्ये उरलाय. किट विकत घेण्याआधी तो कुणाकडे आहे याची चौकशी करावी. सायलेंट ब्लॉकचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फक्त हाताने लावायचे आणि गाडी चारही चाकांवर उतरवून, पुढून थोडी दाबून सोडली की मगच शेवटचे आवळायचे. चाकं लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलं जातं आणि वर्षभरात फाटतं. मग अलाइनमेंट. अलाइनमेंटचं यंत्र प्ले काढत नाही, ज्या स्थितीत गाडी येते त्याच स्थितीत ती मोजतं. म्हणून सोडवण्याआधी लिहून ठेवलेला कागद, टायरची झीज, डाव्या-उजव्या बाजूचा फरक, कोणत्या बोल्टवर किती शिम, हे सगळं त्या यंत्राशेजारी उभ्या माणसाच्या हातात द्यावं. त्याने दिलेला नवा आकडा आणि जुनी पिन एकाच पाकिटात, गाडीच्या कागदांबरोबर राहू द्यावीत.